पाटाच्या कामावरचं रडणं

निकिता : आजी, अगं काय झालं? मटार सांडले सगळे!

सिंधुबाई : मागं घे ते. मागं घे म्हणते ना!

निकिता : लॅपटॉपवरचं काय मागं घेऊ? दुष्काळाचं चित्रण आहे नुसतं. कोठुळे सरांचा पहिला माहितीपट. पन्नास वर्षांत कुणी बघितलेला नाही. त्याची जुनी प्रत साफ होऊन कालच आली.

सिंधुबाई : ती बाई रडतीये ते. पुन्यांदा लाव.

निकिता : ते होय! अगं, ते सरांचं प्रसिद्ध रडणं. त्यांच्या प्रत्येक सिनेमात एकदा तरी येतं. उद्या नाशिकला सरांसमोर त्यांचे सिनेमे दाखवायचेत, तिथलं माझं भाषणच त्याच्यावर आहे. पण इथं शब्द अगदी स्पष्ट आहेत गं. थांब, लावते.

(लॅपटॉपमधून बाईच्या हेल काढून रडण्याचा आवाज : "सिंधूच्या बापा रं... रंभाजी मुकादमानं शिट्टी नाय दिली रं...")

सिंधुबाई : बंद कर. नको, नको, बंद नको करू! निके, ही माझी आई हाय.

निकिता : आजी, काहीतरीच काय!

सिंधुबाई : मग सिंधूच्या बापा म्हणून कोण रडंल? नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या बायका, मेल्यावरसुद्धा. आन् पाटावर रंभाजी मुकादम एकच होता.

निकिता : कोणता पाट?

सिंधुबाई : बहात्तरच्या दुष्काळात सिन्नरच्या खाली पाटाचं काम निघालं होतं. खडकात सुरुंगाचे बार भरायचे. बत्ती द्यायच्या आधी मुकादमानं शिट्टी मारायची, म्हंजी माणसं लांब पळायची. त्या दिवशी शिट्टीच नाय. माझा बाप खाली दगडं उचलत होता.

निकिता : पणजोबा कामावर गेले, एवढंच सांगितलं होतंस तू. पण तिथे सिनेमावाले कुठून आले?

सिंधुबाई : सिनेमावाले कोण म्हणतं? आम्हाला वाटलं, सरकारनं धाडलेत. तहसीलदाराच्या जीपमधून उतरले ना! एकाच्या हातात बाजरीच्या कणसाएवढं काळं काहीतरी. बापाला अजून उचललं पण नव्हतं. रंभाजी आईला म्हणाला, गप ऱ्हा, तमाशा नको. आन् हा कणीसवाला पुढं होऊन म्हणाला, बाई, यात बोला.

निकिता : म्हणजे ती तक्रार करतीये?

सिंधुबाई : मग काय गाणं म्हणतीये?

निकिता : श्रेयनामावलीत 'पारंपरिक शोकगीत' असं लिहितात गं. सगळ्या सिनेमांत. माझ्या लेखातही मी तेच लिहिलंय.

सिंधुबाई : पारंपरिक?

निकिता : हे बघ, दुसरा सिनेमा. लग्नाचा प्रसंग आहे.

सिंधुबाई : हितं रंभाजी कुठं गेला?

निकिता : कापलाय. नुसता हेल ठेवलाय, आणि वर सनई.

सिंधुबाई : अगं बाई! माझ्या बापाचं मढं पडलेलं, न् वर सनई?

निकिता : तिसऱ्यात बैलांच्या शर्यतीवर आहे. चौथ्यात... नको. नाही लावत.

सिंधुबाई : आई मरंपर्यंत वाट बघायची गं. टपालवाला दिसला की पदर सावरून उभी. मी म्हणायचे, आई, कुठलं सरकार न् कुठलं काय! तर म्हणायची, लय मोठं असतं सरकार, येळ लागतो. त्या साहेबानं सांगितलंय, जाईल.

निकिता : काय जाईल?

सिंधुबाई : तिनं विचारलं होतं, साहेब, हे सरकारपर्यंत जाईल ना? तो म्हणाला, जाईल.

निकिता : एक मिनिट. रडण्याच्या आधी काहीतरी पुसट आहे. मला खरखर वाटली होती. हेडफोन लावून ऐकते.

सिंधुबाई : काय गं? निके? अशी पांढरीफटक का पडलीस?

निकिता : "जाईल, बोला." आजी, हा सरांचा आवाज आहे. मी रोज फोनवर ऐकते. अजूनही असंच 'बोला' म्हणतात.

सिंधुबाई : तोच? तुला मार्चपासून मुंबईला नेणार तो?

निकिता : सहायक म्हणून.

सिंधुबाई : आन् त्याच्या नावानं आपण गल्लीभर पेढे वाटले.

निकिता : आज सकाळी त्यांचा फोन होता. म्हणाले, उद्या नाशिकला पहिला माहितीपट नको दाखवू, कच्चा आहे, दुसऱ्यापासून सुरू कर. मी फोन ठेवला आणि आईला म्हटलं, एवढा मोठा माणूस, पण किती नम्र!

सिंधुबाई : मग दुसऱ्यापासूनच कर बाई.

निकिता : तू म्हणतेस हे?

सिंधुबाई : मी म्हणते. आई गेली, रंभाजी पण गेला. त्या माणसाच्या मागं चार वर्सं झिजलीस तू. एका दिवसात घालवशील सगळं.

निकिता : मार्चमध्ये त्यांच्या शेजारी बसून हेच रडणं पाचव्या सिनेमाला लावायचं मी? ऐकून झाल्यावर?

सिंधुबाई : मला काय विचारतीस? मला तुझ्यासाठी भ्या वाटतं.

निकिता : थिएटरात सिनेमा लावणारा योगेश माझं ऐकतो. पहिलाच लागेल. अख्खा. आणि दिवे लागले की सरांना एवढंच विचारणार, सर, तुम्ही हे कुठं पोचवलंत?

सिंधुबाई : चारचौघांत?

निकिता : चारचौघांतच. येणार ना तू?

सिंधुबाई : मी पुढं नाय बसणार.

निकिता : मग कुठंही बस.

सिंधुबाई : पार मागं बसते. रंभाजीचं नाव तिथवर ऐकू येतंय का, ते बघते.