कापलेली घडी

नाही हो, उंदीर कसला — म्हणजे मघाशी मीच म्हटलं उंदराने कुरतडलं म्हणून, पण तुम्ही बाइंडर, तुमच्यापासून काय लपणार — उंदीर इतकं सरळ कापतो का? ब्लेड होतं. माझ्याच हातात. शिकलीसवरली बाई, भिंतीवर पदवी टांगलेली, आणि भर दुपारी ओट्यावर ठेवून सासूबाईंचं बायबल उभं कापतेय! जुना करार एकीकडे, नवा एकीकडे. मला फक्त नवा शिवून द्या. जुना? तो राहू दे तुमच्याकडे. रद्दीत नका घालू हं — पण माझ्या घरात नको.

हसू नका. माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात त्याला पहिली आकडी आली, परवा दुसरी. डॉक्टर म्हणतात, तापामुळे येते, मोठा झाला की थांबेल. मी मान डोलावते आणि घरी येऊन ते पान काढते — आईबापांच्या पापाची झळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. जुन्यातलंच. नव्यात क्षमा आहे, मग जुन्याचं घरात काय काम? नवा भाडेकरू आला की जुन्याची पाटी उतरवतातच ना? सासूबाई रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवतात, त्यांना सहज म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, जुना म्हणजे टाकलेला नव्हे. नव्याचं वचन मुळात जुन्यानेच दिलंय. जुन्यातलंच यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक काढ." ते नाही काढलं मी. ब्लेड काढलं.

पाप कसलं, असं बघताय ना? वडिलांचं. औषधांचं दुकान होतं आमचं. एका तान्ह्या बाळाला भलतंच औषध गेलं — दोन बाटल्या, झाकणं एकसारखी — तिसऱ्या दिवशी बाळ गेलं. मग परवाना गेला, दुकान गेलं, वडीलही गेले. मी तेव्हा सतरा वर्षांची. मी नुसती ती बाटली कागदात गुंडाळून — म्हणजे वडील जेवायला आत गेले होते, आणि गिऱ्हाईक घाईत, आणि मी —

सुई का खाली ठेवलीत?

नवऱ्यालाही ठाऊक नाही हे. "मीच दिलं," असं वडील सगळ्यांना सांगत राहिले, मरेपर्यंत. मलासुद्धा, आम्ही दोघंच असताना. मग मीही तेच धरून चालले. पण परवा मुलगा ताठ झाला, डोळे वर गेले — आणि मला काय दिसलं? ती झाकणं. पोराचं डोकं मांडीवर, आणि मी झाकणं बघतेय.

हे काय दाखवताय? कागद एकच — मधे घडी — इकडे जुन्याचं शेवटचं पान, तिकडे नव्याचं पहिलं? हो, तिथूनच कापलं. मग? अर्धा गेला की उरलेल्या अर्ध्याला दोरा धरायला जागाच नाही? खळ लावून चिकटवा की. सुटेल? बरं. कळलं.

खरं सांगू, मी वाचलं शेवटी. कापून झाल्यावर, माझी अक्कल ही अशी. नव्यातच वाचत होते, म्हटलं इथे तरी धोका नाही — इब्री लोकांना लिहिलेलं पत्र — तर त्यात यिर्मया ओळीच्या ओळी उभा! नवा करार करीन, त्यांची पापं पुन्हा आठवणार नाही. मग मूळ जागा शोधली, ओट्यावरच्या त्या कापलेल्या गठ्ठ्यात. तिथे जरा आधी लिहिलंय — बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली म्हणून पोरांचे दात आंबले, असं यापुढे कुणी म्हणणार नाही. ज्याला मी घराबाहेर काढत होते, तोच माझ्या पोराला सोडवत होता! तरी आज इथे आलेच. का? तर ते तेवढ्यावर थांबत नाही. ज्याने खाल्ली, त्याचेच दात आंबतील. पोरगा सुटला. मी नाही.

आठवणार नाही म्हणे देवाला. पण त्या बाळाच्या आईला? ती इथे मागच्याच गल्लीत राहते. बारा वर्षं मी बाजाराला वळसा घालून जाते. वडिलांना तिने कधी माफ केलं नाही. त्यांच्या मयतालाही आली नाही. बारा वर्षं ती चुकीच्या माणसावर रागावलीय, आणि मी तिला रागावू दिलंय.

शिवा. दोन्ही एकत्र शिवा. घडीला पातळ कागदाची पट्टी लावा, जोड दिसला तरी चालेल. नाही, बसत नाही मी. आणि हे बघा, कुठे चाललात म्हणून विचारू नका. विचारलंत तर मी जाणार नाही.