काडीचं वजन

माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावर बसलेले आमचे ट्रेनरसाहेब, रेसकोर्सचे व्यवस्थापक, घोड्यांचे डॉक्टर, समोर बसलेले माझे जॉकी सोबती, ज्यांच्या हातून घोडे आमच्यापर्यंत पोचतात ते सगळे मोतद्दार, दुसऱ्या रांगेतली माझी आई आणि तिच्या शेजारी, मी किती वेळ उभा आहे यावर नजर ठेवून बसलेली माझी बायको, आपणा सर्वांना नमस्कार.

आतापर्यंत माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं की मलाच वाटायला लागलं, अरे, हा माणूस निघालाय कुठे? थांबवा त्याला! पण खरं सांगायचं तर आज दारात दोघांनी मला ओळखलंच नाही. एकाने विचारलं, "काडी आला का?" मी म्हटलं, "मीच काडी." त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि फार सभ्यपणे विषय बदलला.

जॉकीने घोडा सोडायची कारणं ठरलेली असतात. हाड मोडतं, वय होतं, नाहीतर मालक दुसरा पोरगा शोधतो. माझं कारण यातलं एकही नाही. तबेल्यात त्यावर बरीच कुजबुज झाली, म्हणून म्हटलं जाता जाता स्वतःच सांगून टाकावं. अध्यक्ष महोदया, विषय थोडा शरीराचा आहे, सांभाळून घ्या.

माझे बाबा इथेच मोतद्दार होते. आपण ज्यांना मालिश करतो, पाणी दाखवतो, त्यांच्यावर एक दिवस आपला मुलगा बसेल, एवढी एकच हौस त्या माणसाला होती. मी अंगाने बारीक निघालो याचा आमच्या घरी आनंद झाला होता. दुसऱ्या कुठल्या घरात होतो? मोठा झालो, जॉकी झालो, आणि ते बारीकपण टिकवणं हाच माझा धंदा झाला. उकडलेली भाजी, अंड्याचा पांढरा भाग, घाम काढायच्या खोलीत रबरी कोट घालून बसणं. माझ्या सोबत्यांना हे सांगायला नको. पाहुण्यांसाठी सांगतो, वजनकाट्यावर चढण्याआधी आम्ही थुंकीसुद्धा बाहेर टाकून येतो.

अशात डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली, एक दुखणं बसायला आलं आणि उठायचं नाव घेईना. मग एका सकाळी लघवी लाल झाली. बीट खाल्लं नव्हतं. खरं तर काहीच खाल्लं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मुतखडा असेल, भरपूर पाणी प्या. शर्यतीच्या आठवड्यात जॉकीला भरपूर पाणी प्या म्हणणं! तरी प्यायलो. खडा सापडला नाही, तेव्हा म्हणाले, पडून गेला असेल. पुढे डाव्या बाजूलाच अशा एका जागी शिरा फुगल्या, जिचं नाव मी या व्यासपीठावरून घेणार नाही. पुरुषांनी समजून घ्यावं आणि बायकांना घरी गेल्यावर समजावून सांगावं. "खोगिराची कृपा," डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं, शिरा पुन्हा फुगल्या. लघवी कधी लाल, कधी स्वच्छ. नेमकी तपासणीच्या दिवशी स्वच्छ. शेवटी एका डॉक्टरांनी पेन खाली ठेवून विचारलं, "घरी काही ताण आहे का?"

मग तो कपचा, हंगामातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीचा, दिवस आला. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिलाय. आमच्या तबेल्यातली तांबडी घोडी त्या वर्षी भरात होती, आणि तिचे मोतद्दार होते माझे बाबा. हयातभर ज्याची वाट पाहिली ते त्यांच्या समोर होतं, आपली घोडी आणि आपला मुलगा. पॅडकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथे, त्यांनीच माझ्या पायाखाली हात धरून मला वर चढवलं. सकाळी लघवी लाल झाली होती. मी कुणाला बोललो नव्हतो. रिकिबीत उभा राहिलो आणि डाव्या कुशीत कुणीतरी मूठ आवळल्यासारखं झालं. डोळ्यांपुढे अंधारी आली. आठ-दहा घोडे खेटून धावतात तिथे एक जॉकी शुद्ध हरपून पडला तर काय होतं, हे या सभागृहाला मी सांगायला नको. मी खाली उतरलो.

बाबांनी विचारलं, "काय होतंय?"

"दुखतंय."

"कुठं?"

"तेच, नेहमीचं."

त्यांनी घोडीचा लगाम हातात घेतला. ट्रेनरसाहेब आले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दुसऱ्याला बसवा." दुसरा बसला. घोडी जिंकली. बाबा तिला धरून फोटोत उभे राहिले, तो फोटो बाहेर पायरीपाशी लावलाय. त्यात ते हसत नाहीयेत.

घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "घोडी बुजली असती तर तिला समजावलं असतं. तुला काय समजावू?"

भांडण असं झालं नाही. ते बोलायचे माझ्याशी. फक्त घोड्यांबद्दल बोलायचे नाहीत. आणि बाबा घोड्यांशिवाय दुसरं काही बोलतच नसत. त्या हंगामाच्या शेवटी ते झोपेतच गेले.

त्यानंतरच्या हंगामात मी वजनकाट्यावरच कोसळलो. रक्त फार कमी झालं होतं. हॉस्पिटलमध्ये सोनोग्राफी करणाऱ्या एक तरुण डॉक्टर होत्या. पोटावर तो गार चिकट पदार्थ लावत त्यांनी विचारलं, "दुखतं केव्हा?" म्हटलं, "उभं राहिलं की. घोड्यावर तर फारच. आडवं झालं की उतरतं."

त्यांचा हात थांबला. "मग तुम्हाला आडवं पाडून मी काय बघतेय? उठा, उभे राहा."

उभं करून पाहिलं, आणि दिसलं. नंतर मोठ्या स्कॅनमध्ये पक्कं झालं. मला समजलं तसं सांगतो. डाव्या किडनीतून रक्त परत आणणारी शीर दोन धमन्यांच्या बेचक्यातून जाते. एक शरीराची मुख्य धमनी, दुसरी तिच्यातूनच निघून आतड्यांकडे उतरणारी. या बेचक्यात थोडी चरबी असते, ती उशीसारखी काम करते. माझ्याकडे ती उशीच नव्हती. बेचकं मिटत गेलं आणि शीर अडकित्त्यात सापडावी तशी चिमटली गेली. रक्त मागे तुंबायचं, म्हणून ते दुखणं, ती लाली आणि त्या नाव न घेण्याच्या शिरासुद्धा. आजाराला नटक्रॅकर सिंड्रोम म्हणतात. फार थोड्यांना होतो. बारीक सगळेच असतात, पण चिमटतं एखाद्याचंच. ते का, याला त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं.

"उपाय?" मी विचारलं.

"आधी वजन वाढवा. उशी तयार होऊ द्या. बऱ्याच जणांना त्याने फरक पडतो. नाही पडला तर ऑपरेशन आहे, शीर सोडवून जरा खाली जोडतात."

"ऑपरेशन केलं तर घोड्यावर बसता येईल?"

त्यांनी माझा रिपोर्ट मिटला. "बसता येईल कदाचित. पण उपाशी राहून नाही."

झालं. माझा निरोप समारंभ खरं म्हणजे तिथेच झाला. हार तेवढे आज मिळाले.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं, कागदावर चित्र काढून. तिने नीट ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे नुसतं उभं करून बघायचं होतं?" मी म्हटलं, "हो." "एवढंच?" "हो, आई." ती उठून आत गेली. यात कुणाला दोष द्यायचा सांगा? पडून तपासायची पद्धत आहे, सगळ्यांनी तसं तपासलं. सगळ्यांचं बरोबरच होतं.

जग डॉक्टरांकडे वजन कमी करायला जातं, मी वाढवायला जाऊ लागलो. वाटतं तितकं सोपं नसतं ते. ज्या घासाला आयुष्यभर चोर समजलो, त्याला पाहुणा म्हणून कसं वाढून घ्यायचं? बायको समोर बसायची, म्हणायची, "अजून एक." मी जेवून उठलो की मोरीत जाऊन रडायचो, हे तिला आज पहिल्यांदा कळतंय. हळूहळू अंग धरलं. लाली थांबली. रक्त भरून आलं. दुखणं पूर्ण गेलं नाही, संध्याकाळकडे येतं, फार वेळ उभा राहिलो की येतं. मग आडवं व्हायचं. शिकवायचं काम क्लबने देऊ केलं होतं, त्याबद्दल ऋणी आहे, पण त्यात दिवसभर उभं राहावं लागतं. मेहुण्याचा खोगीर शिवायचा कारखाना आहे, तिथे जातोय. त्याने माझ्या जागेशेजारी एक बाकडं टाकून ठेवलंय, पडायला.

समोर बसलेल्या तरुण मुलांना एकच विनंती. लघवीत लाल दिसलं तर लपवू नका. तबेल्याच्या मुकादमाला सांगा, डॉक्टरला सांगा, आणि दुखतं केव्हा तेही सांगा.

आता शेवटचं. हे ट्रेनरसाहेबांना विचारून, त्यांच्या परवानगीने सांगतोय. आज सकाळी तबेल्यात सगळ्यांचा निरोप घ्यायला गेलो होतो. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "कपच्या दुसऱ्या दिवशी तुझे बाबा माझ्याकडे आले होते."

मला हे माहीत नव्हतं.

"विचारत होते, पोराला नक्की काय होतंय? तुम्ही रोज बघता, तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, भीती बसलीय. होतं असं जॉकीला. ते मान हलवून गेले." साहेबांनी टोपी काढली. म्हणाले, "मी तसं बोलायला नको होतं रे."

मी त्यांना म्हटलं, "साहेब, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. बाबांनी मला विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं."

अध्यक्ष महोदया, एवढंच बोलायचं होतं. या मातीने मला नाव दिलं, आणि आपण सगळ्यांनी आज इथे येऊन मान दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. कुणाचा उल्लेख राहून गेला असेल, एखादा शब्द नको तिथे पडला असेल, तर पोटात घाला. बायको केव्हापासून खुणावतेय. बसतो.