पाच वाजताचा नियम

– नाही नाही, त्याला हात लावू नका! पंखा आहे तो, घरघरणारच. बसा, त्या स्टुलावर बसा. तुम्ही इंटरनेट कंपनीचा माणूस, याच्या जागी लावायला नवा डबा घेऊन आलात, आमच्या हिने फोन करून बोलावलं, सगळं मान्य – पण काढायच्या आधी काय काढताय ते तरी ऐका. हसताय ना? हसा हसा. मेहुणा तर तोंडावर म्हणतो, भावजी, डाळीएवढ्या कामाला हा डोंगर कशाला? कशाला म्हणजे – हौस! ऑफिसने भंगारात काढलेला पीसी, मी उराशी धरून घरी आणला, पाठीत उसण भरली ती आठ दिवस. त्यात ही नेटवर्कची दोन कार्डं – एकातून तुमची लाइन आत येते, दुसऱ्यातून घरभर जाते, आणि मधे लिनक्स, पहारेकऱ्यासारखं. कोणाला आत सोडायचं, कोणाला अडवायचं, ते मी लिहून दिलेल्या नियमांनी ठरतं. खरं सांगू? या घरात माझा शब्द पाळणारी ही एकच वस्तू. शेवटचं चालू केल्याला चारशे बारा दिवस झाले, एकदाही बंद पडलेलं नाही. मी जेवणानंतर रोज पडतो.

तर दोष तुमच्या लाइनीत आहे, हे लिहून घ्या. तीन तक्रारी केल्यात मी. एकदा तर तुमच्या साहेबांना फोनवर ‘काय झोपा काढता का’ असंही म्हणालो – ते तुम्हीच होतात? बरं. तोंड सैल आहे हो माझं, मनावर घेऊ नका.

त्रास कोणाला होतोय? मला नाही, माझा कॉम्प्युटर सुरळीत चालतो. त्रास हिला. लेक नोकरीसाठी दूर गेली, जाताना तिचा जुना लॅपटॉप आईला देऊन गेली – मोठ्या पडद्यावर दिसते म्हणून. पावणेपाचला तिला ऑफिसात सुट्टी, तेव्हा ती व्हिडिओ फोन करायची. आणि गप्पा रंगात आल्या की चित्र गोठायचं. मी हिला म्हणायचो, तूच काहीतरी दाबत असशील! हिचं आपलं, मी बोटसुद्धा लावलं नाही. मग हिच्या मनात आलं, पोरगीच बंद करते, कंटाळते आपल्याला. तिकडे पोरगीला वाटलं, आई घड्याळ लावून बोलते, पंधरा मिनिटं झाली की कट. दोघी एका मातीच्या, विचारणार कोण? तीन आठवडे झाले, फोनच नाही. परवा ही जेवता जेवता रडली. मी काय केलं? मी चौथी तक्रार लिहायला बसलो.

काय म्हणता? रोज एकाच वेळी जातं का? हो – पाचला. अगदी ठोक्याला. का? लाइन बिघडली तर घड्याळ बघून कशी बिघडेल, असं म्हणायचंय तुम्हाला? मुद्दा आहे. म्हणजे माझ्या यंत्रावर संशय! थांबा, नियमांची फाइलच उघडतो. बघा, एकशे चाळीस ओळी, प्रत्येकीवर माझी टीप. शिस्त म्हणतात याला. हा मोबाइलचा, हा प्रिंटरचा, हा...

हा...

नाही, काही नाही. जुनी ओळ आहे. वाचू? ‘लेकीचा लॅपटॉप, पाच ते सात बंद. अभ्यास. परीक्षा झाली की काढणे.’

सहा वर्षं झाली हो परीक्षेला. ऐन परीक्षेच्या वर्षी पोरगी दिवसभर त्या लॅपटॉपला चिकटलेली, ओरडून भांडणं कोण करणार, म्हणून गुपचूप ही ओळ घातली. आणि तिने विचारलं तेव्हा सांगितलं – काय सांगितलं असेन? कंपनीची लाइन खराब आहे बाळ, पाचला जातेच! परीक्षा झाली, ती होस्टेलवर गेली, तिथे नवा लॅपटॉप घेतला, हा माळ्यावर पडला. आणि मी इतका शहाणा, की माझीच थाप मला खरी वाटायला लागली! आपल्याच हाताने बायकोला पोरीपासून तोडलं, आणि शिव्या तुम्हाला दिल्या. चूक मी करायची आणि बोट दुसऱ्याकडे दाखवायचं, आयुष्यभर हेच केलं मी.

ओळ काढली. बघा, गेली. एका सेकंदाचं काम.

ऐका, एक विनंती करू? हिला सांगाल का – लाइनीत थोडा दोष होता, दुरुस्त केला? एवढंच. तुमचं काय जातंय? बघा, मी परत बोट तुमच्याकडेच... असे दाराकडे काय बघताय?

अगं... कधी आलीस? चहा आणलास होय. कुठपासून ऐकलंस?

– साहेब, तुम्ही निघा आता. नाही, चहा राहू द्या, तो आता तुम्हाला मिळेल असं वाटत नाही. डबा? डबा ठेवून जा. आणि जाताना दार ओढून घ्या – घट्ट.