शून्यासकट नेलेली पोर

काय होते गाठी, काय माझ्यापाशी ।
तरी तू धरिशी, हात माझा ॥

मंडळी, ऐका! पेटीवाले दादा, जरा हळू. पुढं सतरंजीवर या, मागं भिंतीला टेकू नका, भिंत पडायची नाही!

आज एकच सवाल घेऊन उभा आहे. देव माणसाला निवडतो — ते काय बघून निवडतो? बाजारात वांगी घेताना आपण दाबून बघतो, देठ बघतो, कीड बघतो. देव तसं बघतो का? आणि बघत असेल, तर मंडळी, तुमचं-माझं टोपलीत जाणं कठीण आहे!

तर गोष्ट ऐका. नगरकडच्या एका गावात मिशनच्या शाळेत थोमाजी बोर्डे नावाचे गुरुजी होते. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात छडी. पोरांना काय, बायकोलासुद्धा प्रश्नच विचारायचे! "मीठ घातलं का? किती? का?" त्यांच्या मंडळी सालोमीबाई — शांत, हसऱ्या. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण घरात पाळणा हलला नाही. शेवटी दोघांनी ठरवलं, सात मैलांवर मिशनचा अनाथ मुलींचा आश्रम आहे, तिथून एक लेक आणायची.

आता गुरुजी म्हणजे गुरुजी! निघताना बगलेत वही घेतली. आश्रमाच्या व्हरांड्यात सोळा-सतरा मुली रांगेत उभ्या. वेण्या घातलेल्या, तोंडं धुतलेली. गुरुजींनी परीक्षा सुरू केली! "दहा आज्ञा म्हण. तेराचा पाढा म्हण." एका पोरीनं तर धडाधडा सगळं म्हटलं, वर एक गीत गाऊन दाखवलं. गुरुजी खूश. दहापैकी दहा!

रांगेच्या टोकाला एक सात वर्षांची पोर. रिबका नाव. खरजेनं हात सोललेले, नजर जमिनीला. "दहा आज्ञा?" — गप्प. "दोनाचा पाढा?" — गप्प. "बरं, नाव तरी सांग!" — तेही नाही. गुरुजींनी वहीत लिहिलं, शून्य.

आणि सालोमीबाई म्हणाल्या, "अहो, ही."

"ही? अगं, हिनं एक उत्तर दिलं नाही!"

"ऐकलं मी."

"मग काय बघितलंस हिच्यात?"

"हिच्यात काही बघितलं नाही हो. मला ही हवी."

मंडळी, इथं थांबा. कारण पोरीत होतं का? नाही! कारण आईच्या काळजात होतं. देवानं तुम्हाला निवडलं त्याचं कारण तुमच्यात शोधाल, तर जन्मभर शोधत बसाल. ते तुमच्यात नाहीच — त्याच्यात आहे!

काय म्हणता, मावशी? बाकीच्या पोरींचं काय? ... खरं सांगू? हा सवाल मलाही झोपू देत नाही. याचं उत्तर माझ्यापाशी नाही. आश्रमाचं फाटक त्या दिवसानंतर कुणी बंद केलं नव्हतं, एवढं सांगतो. आणि स्वर्गातल्या बापाचं घर बोर्डे गुरुजींच्या घरासारखं दोन खोल्यांचं नाही, हेही सांगतो. त्यापुढचं त्याला ठाऊक. पण आपल्याला नेलं, याची फुशारकी मारायला मात्र जागा नाही, हे पक्कं.

बरं. रिबका घरी आली. आणि काय सांगू! पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची. अंगण झाडायची, पाणी भरायची, भांडी लख्ख घासायची. पानात पडेल ते खायची. रडणं नाही, हट्ट नाही. शेजारणी म्हणायच्या, "सालोमीबाई, नशीब काढलंत! मुलगी असावी तर अशी!"

आणि सालोमीबाई पदरानं डोळे पुसायच्या. का? पोर त्यांना "बाई" म्हणायची. गुरुजींना "गुरुजी". आश्रमातून आलेला फ्रॉक धुऊन, घडी घालून, गाठोड्यात बांधून ठेवलेला. दोन वर्षं झाली, तरी गाठोडं तयार! लेक म्हणून आणली, आणि ती मोलकरीण होऊन राहिली. घरात होती हो, पण आपण घरातली आहोत यावर तिचा विश्वास नव्हता.

मग एका दुपारी सालोमीबाई नदीवर, गुरुजी शाळेत. फळीवरून काही काढताना रिबकाच्या हातून लोणच्याची बरणी पडली. वर्षाचं लोणचं! चिनी मातीचे तुकडे घरभर.

पोरीनं काय केलं? तुकडा न् तुकडा वेचला. जमीन सारवली. आपला जुना फ्रॉक घातला — गुडघ्याच्या वर चढलेला — आणि निघाली. सात मैल, पायी, उन्हात.

गुरुजी घरी आले. पोर नाही, गाठोड्यातला फ्रॉक नाही! काय ते समजले. सायकल काढली आणि थेट आश्रम गाठला. व्हरांड्यात पोर बसलेली, पायाला फोड. आश्रमाच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "गुरुजी, ही म्हणते, मला परत घ्या."

"रिबका, का आलीस?"

"बरणी फुटली."

"मग?"

"आता तुम्ही दुसरी न्याल. हुशार." पोरीनं फ्रॉक गुडघ्यावर ओढला. "गुरुजी, ती आली की मी एक दिवस येऊ? बाईंना चहा कसा लागतो, ते तिला दाखवीन."

अरे देवा! जन्मभर दुसऱ्याला प्रश्न विचारणारा माणूस तो! धोतर सावरून पोरीपुढं जमिनीवर बसला.

"रिबका, इथंच मी तुझी परीक्षा घेतली होती. आठवतं?"

"हो."

"किती मार्क दिले, ठाऊक आहे? शून्य. तुझ्या आईनं तुला नेलं, ते त्या शून्यासकट. आता सांग, शून्यातून बरणीचे किती वजा करू?"

पोर हिशेब करायला लागली! मग मान वर करून म्हणाली, "मग मी काय करू?"

"काही नाही, बाळ. सायकलवर बस."

बघा हं, मंडळी. पोर बसली. बसणं म्हणजे काम का? बसली म्हणून सायकल तिनं चालवली, असं म्हणाल का? घाम कुणाचा? गुरुजींचा! छातीचा भाता कुणाचा हलला? गुरुजींचा! तिनं फक्त आपला भार टाकला. यालाच विश्वास म्हणतात. तारण कृपेनं होतं, बाबांनो. क्रुसावर घाम त्यानं गाळला, रक्त त्यानं सांडलं. आपण काय करायचं? भार टाकायचा!

सालोमीबाई दारातच उभ्या होत्या. बरणीचं नावही काढलं नाही. फोडांना खोबरेल लावलं आणि पोरीला कुशीत घेऊन बसल्या.

पोर लगेच बदलली का? नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा झाडू हातात! विश्वास एका दिवसात मुरत नाही. आठवडे गेले. आणि एका रविवारी, देवळातली भक्ती उरकून तिघं जेवायला बसली. पानात दुधीची भाजी. पोरीनं बोटानं फोडी बाजूला सारल्या, नाक मुरडलं आणि म्हणाली,

"आई, मला दुधी नाही आवडत."

गुरुजींचा घास हातात राहिला. सालोमीबाई हसताहेत का रडताहेत, कळेना! शेजारीण धावत आली, "काय झालं?" तर म्हणाल्या, "अहो, माझी लेक हट्ट करते आहे!"

आणि काम? काम ती पुढंही करायची. पण आता भांडी घासताना गुणगुणायची. कधी कंटाळा आला की तशीच टाकून खेळायला पळायची!

आता तुमच्याकडं वळतो. एलिशाकाका, चाळीस वर्षं तुम्ही देवळाची घंटा वाजवता, एक रविवार चुकवला नाही. का? प्रीतीनं — की हाकलतील या भीतीनं? आणि तुम्हालाच का विचारू? हा कीर्तनकार गावोगाव बोलतो, तोसुद्धा कितीदा मनात म्हणतो, आज कीर्तन बरं झालं, आज देव खूश असेल! जणू रंगलं नसतं, तर त्यानं मला दाराबाहेर काढलं असतं.

तबला थांबवा. डोळे मिटा. आज काही कबूल करू नका, नवस बोलू नका, उद्यापासून सुधारतो असंही म्हणू नका. एकच शब्द म्हणा, मोठ्यानं नाही, मनातल्या मनात. म्हणा — बाबा. आणि त्याचं उत्तर येईपर्यंत कुणी उठू नका.