पाचव्या खड्ड्याच्या खुंट्या

नाव: मुहैसिन जब्बार गुलैम. वय: ५१ वर्षे. धंदा: पांढरीच्या (पुरातन वस्तीच्या) टेकाडावर राखणदार. राहणार: तल्ल उम्म शोक, टेकाडाच्या पायथ्याशी, जिल्हा शत्रा, इराक.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, वरील टेकाडाची राखण माझ्या आजोबांपासून आमच्या घरात आहे. माझ्या बावीस वर्षांत तिथून एकही वस्तू गेली नव्हती.

आमच्याकडे मेलेले जन्मलेले मूल नजफच्या मोठ्या कबरस्तानात नेत नाहीत. बाप एकटा टेकाडावर जाऊन पुरतो. आईला जागा सांगत नाहीत. तेरा वर्षांपूर्वी मी माझी मुलगी दक्षिण उतारावर पुरली. खूण म्हणून एक खापर उभे रोवले.

सोमवार, ११ फेब्रुवारी रोजी उत्खननाच्या प्रमुख डॉ. सुहैला नाजी यांनी त्याच उतारावर पाचव्या खड्ड्यासाठी चार खुंट्या ठोकून दोरी बांधली. त्या दिवशी मी बराच वेळ उतारावर ये-जा करत होतो. मुलगा धारी याच्यावरून मला अबू धारी व पत्नीला उम्म धारी म्हणतात. खोदकाम करणारा शरकातचा उस्ता हम्मादी मला म्हणाला, "अबू धारी, बुडाखाली निखारा आहे का? टेक की जरा." मी टेकलो नाही. मी खापर शोधत होतो. ते टेकाड सगळे खापरांचेच आहे, हे पुरताना माझ्या ध्यानात आले नव्हते.

साडेबाराला सर्व जण जेवायला गेल्यावर मी चारही खुंट्या पूर्वेकडे सुमारे पाच पावले सरकवल्या. मुलगी पश्चिमेला असावी असा माझा अंदाज होता. दोरीला ताण आहे ना, हे हम्मादीने येऊन पाहिले. माप घेतले नाही.

शनिवार, १६ रोजी सकाळी दहाच्या सुमारास त्या खड्ड्यात एका घराच्या जमिनीखाली आडवे मडके लागले. आत तान्ह्या मुलाची हाडे व दोन निळे मणी होते. माझी पत्नी नौफा त्या वेळी माझी भाकरी घेऊन आली होती. ती खड्ड्याच्या काठावर बसली.

ती मला म्हणाली, "हीच का?"

मी भाकरी घ्यायला हात पुढे केला.

"तेरा वर्षं विचारतेय, कुठं ठेवलीस. आज तरी सांग."

मी हो म्हणालो. नाही म्हटले असते तर तिने पुढचे विचारले असते, आणि ते मला सांगता येत नव्हते.

डॉक्टर बाई समजावून म्हणाल्या, "उम्म धारी, हे फार जुनं आहे. चार हजार वर्षांपूर्वीचं."

नौफा म्हणाली, "मग हिची आई कुठाय, बाई?"

हम्मादीने कुदळ खाली ठेवली. नौफा घरी गेली. भाकरी तिने तशीच परत नेली.

फोटो दुसऱ्या दिवशी काढायचे असल्याने मडक्यावर पोते टाकून ठेवले होते. राखण माझ्याकडे होती. रविवार, १७ रोजी फटफटताना मी खड्ड्यात उतरलो. हाडे नौफाच्या काळ्या ओढणीत घेतली. मडके व मणी जागेवर ठेवले. मडक्याला तडा गेलेला नाही. काम मी एकट्याने केले. ओढणी मी न विचारता घेतली होती.

मी हाडे पुरली. जागा या वेळी नौफाला दाखवली आहे. ती हाडे आमची नाहीत हे मला माहीत आहे. हे तिला कोणी सांगू नये, एवढी माझी विनंती आहे.

खुंट्या सरकवल्याने डॉक्टर बाईंची मापे चुकली, हा माझा दोष आहे. त्यांनी जुन्या जागी पुन्हा दोरी बांधली असून तिथे शनिवारपासून खोदणार असे कळते. तिथे काही लागल्यास मला आधी हाक मारावी.

साहेबांनी विचारल्यावरून सांगतो, हाडे पुरल्याची जागा मी स्वतः येऊन दाखवीन. मात्र उद्या गुरुवार आहे, आमच्याकडे कबरीवर जाण्याचा वार. दुपारनंतर नौफा तिथे असेल. त्या वेळी कोणी येऊ नये.

वरील मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. दोन ठिकाणी 'अवशेष' लिहिले होते, तिथे 'हाडे' करून घेतले. नौफाच्या बोलण्यातही 'हे' लिहिले होते. ती 'ही' म्हणाली होती. तेही दुरुस्त करून घेतले आहे.

अंगठा: मुहैसिन जब्बार गुलैम
बुधवार, २० फेब्रुवारी २०१९