दोन्ही गाड्यांक उजवो कौल

आचऱ्याची एसटी लागली, तरी आनंदी मालवण स्टँडच्या बाकावरून हलली नाही. शेजारी मासे विकणाऱ्या नवराबायकोचं नव्या गाडीवरून घोळत चाललं होतं, ते तिला पुरतं ऐकायचं होतं.

"शेवंती, जुन्या मॉडेलची पिकअप बंद होतली. शेवटची एकच ऱ्हवली."

"मगे ती घेवा."

"पण नव्याचा तोंड बरा आसा."

"मगे नवी घेवा."

"देवाक कौल लावलंय. जुनी घेव इचारलंय, उजवो दिल्यान, म्हणजे घे. नवी घेव इचारलंय, तरी उजवोच. मेकॅनिक जुनी म्हणता, भावोजी नवी."

"नव्या गाडीचो हौदो केवढो उंच?"

"माज्या छातीपर्यंत. कित्याक?"

"म्हणजे माज्या गळ्यापर्यंत. माशांच्या टोपल्यो कोण चढवता?"

"तूच चढवतंस."

नवऱ्याने बाकाखालच्या रिकाम्या टोपलीकडे पाहिलं.

"मगे खंयची घेव?"

"आता माका इचारतास?"