कंपनीचा फोन

ताई : पाय पुसून ये आत. फरशी ओली आहे अजून.

धाकटी : ऑफिसच्या दिवशी तू फरशी पुसतेस? आणि फोन का लागत नाही तुझा? जीव टांगणीला लागला होता माझा.

ताई : फोन कोरा झालाय. लॅपटॉपही. कंपनीने काढलं गं मला.

धाकटी : काढलं? मागच्या महिन्यात तर सत्कार केला ना तुझा? तो काचेचा ठोकळा दिला...

ताई : 'आपल्या कुटुंबाचा कणा' असं कोरलंय त्यावर. सकाळी मेल आली. वाचून होईपर्यंत पडदा काळा.

धाकटी : तुझे साहेब काही बोलले नाहीत?

ताई : कुठल्या फोनवर बोलतील? तेही गेले असतील बहुतेक.

धाकटी : असं एका क्षणात कसं बंद करतात सगळं?

ताई : मीच बनवलंय ते. माणूस काढला की त्याचं खातं, फोन, दाराचं कार्ड, सगळं एकदम बंद. वर्षभर तेच तर करत होते मी. आज किती जणांवर चालला असेल तो प्रोग्राम. कुठे अडखळला नाही बघ.

धाकटी : कौतुक वाटतंय तुला त्याचं?

ताई : वाटतंय. काय करू?

धाकटी : खड्ड्यात गेली तुझी कंपनी. चार दिवस माझ्याकडे चल राहायला, मग बघू नोकरीचं. थांब... फोन कोरा म्हणजे? आईचे निरोप? तिच्या आवाजातले?

ताई : त्यातच होते.

धाकटी : दुसरीकडे कुठे ठेवले असशील ना.

ताई : कंपनीच्याच खात्यात. माझं स्वतःचं असं खातं नव्हतंच कधी.

धाकटी : तू? जगाला शहाणपण शिकवतेस, दोन-दोन ठिकाणी ठेवा म्हणून.

ताई : जगाला. मी कंपनी सोडून कुठे जाणार होते?

धाकटी : आईचा फोन मी पुसून शेजारच्या काकूंना दिला, ताई. तुझ्याकडे सगळं आहे म्हणून.

ताई : माहितीये.

धाकटी : मग पाया पड कुणाच्या तरी. एवढी वर्षं राबलीस तिथे. एकदाच उघडून द्या म्हणावं.

ताई : उघडायला मागे काही उरतच नाही. पुसून टाकतो तो प्रोग्राम. परत मिळवायची वाट ठेवली, तर ती चोरालाही सापडते. म्हणून ठेवायचीच नाही, यासाठी मी सगळ्यांशी भांडले होते. शेवटी टाळ्या वाजवल्या त्यांनी.

धाकटी : आग लागो त्या टाळ्यांना.

(ताई पुन्हा फरशी पुसू लागते.)

धाकटी : बरं, रडू नकोस. निदान सांग तरी मला. दवाखान्यातून तिने शेवटचा निरोप तुलाच पाठवला होता. तो तर पाठच असेल तुझा.

ताई : नको ना आता.

धाकटी : जसं बोलली तसं सांग. मी मध्ये बोलणार नाही.

ताई : तेव्हा काम अगदी ऐन भरात होतं गं. आणि ती गेल्यावर मला तो घाईघाईत ऐकायचा नव्हता. सुट्टी मिळाली की निवांत ऐकू, म्हणून ठेवला होता.